पायरीचे मातृवृक्ष आत्ताच हेरा

येत्या पावसाळ्यात कोय कलमे बांधायला बसाल, तेव्हा शंभरातली निदान दहा पायरीची बांधा. दासगावच्या खाडीकाठापासून पोलादपूरच्या डोंगरउतारांपर्यंत ज्यांच्या रोपवाटिका आहेत, त्यांना ही मुद्दाम विनंती. गिऱ्हाईक हापूस मागते म्हणून आपण हापूसच बांधतो. मग जुन्या परसातली पायरी एखाद्या वादळात पडते किंवा रस्तारुंदीत जाते, आणि तिच्या जागी लावायला पायरीचे कलम गावात मिळत नाही.

फळ सगळ्यांच्या ओळखीचे आहे. मध्यम आकार, खालच्या अंगाला ठसठशीत चोच, पिकताना देठाजवळ चढणारी लाली. गर मऊ आणि भरपूर रसाचा, गोडीला आंबटपणाची धार. कापून खायला हापूस आणि रसाला पायरी, ही वाटणी आपल्या घरांनी फार पूर्वीच करून ठेवली. हापूसचा रस दाट होतो, पहिल्या वाटीतच पोट भरते. पायरीचा रस पुरीसोबत दुसऱ्यांदाही मागून घेतला जातो. हे चवीचे मत आहे आणि आम्ही त्यावर ठाम आहोत. शिवाय हापूस कापल्यावर आत पांढरट साका निघाला की बागायतदाराची मान खाली जाते. पायरीला त्या दुखण्याची धास्ती नाही.

मग ती मागे का पडली? पिकल्यावर टिकत नाही म्हणून. एकेकाळी या भागातून मुंबईची वाट सावित्रीच्या खाडीतून जाई. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी आले, ते बोटीने दासगाव बंदरातच उतरले होते. त्या संथ प्रवासाला आणि पुढच्या बाजाराला टिकाऊ फळच परवडणारे होते. हापूस तिथे जिंकला, आणि २०१८ च्या भौगोलिक मानांकनात रायगडही आल्याने त्याचे स्थान आणखी पक्के झाले. त्याबद्दल आनंदच आहे. पण आता दारावरून महामार्ग जातो, शेजारून कोकण रेल्वे धावते. पहाटे उतरवलेली पायरी त्याच दिवशी मुंबईत पोचू शकते, महामार्गावर थांबणाऱ्या गाड्यांना तर थेट विकता येते. जिच्यामुळे पायरी मागे पडली ती अडचण बरीचशी सरली, आपली सवय मात्र तीच राहिली. ही जात हवाई बेटांपर्यंत गेली आणि तिथे ‘पिरी’ नावाने रुजली. तिच्या मूळ प्रांतातल्या रोपवाटिकेत ती नसावी, हे आम्हाला बोचते.

हापूसच्या बागेत परागीकरणासाठी इतर जातींची थोडी झाडे ठेवावीत, असे बागायतदारांना पूर्वीपासून सांगितले जाते. ती जागा पायरीला द्या.

काम आत्ताच सुरू करायला हवे, कारण मातृवृक्षाची पारख फळ झाडावर असतानाच होते. रायवळ आंबा कोयीपासून येतो म्हणून प्रत्येक झाडाची चव निराळी. पायरी कलमाची, तरी कोणाच्या तरी कोयीतून उगवलेले झाडही ‘पायरी’ म्हणून खपून जाते. तेव्हा नावावर विसंबू नका. चोच पाहा, फळ पिकवून चाखा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की हे झाड कोणी आणि कुठून आणून लावले. खात्री पटली की खोडाला खूण करा आणि मालकाचे नाव वहीत लिहा.

खुंटासाठी रायवळाच्या ताज्या कोयी घ्या. वाळलेल्या कोयींची उगवण झपाट्याने घटते. पाण्यात तरंगतील त्या काढून टाका. रोप दहा-पंधरा दिवसांचे, कोवळे आणि तांबूस असतानाच कलम बांधायचे. कलमकाडी तीन-चार महिने वयाची, शेंड्याचा डोळा फुगलेला असलेली निवडा. आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून तिची पाने कापा. जुलै-ऑगस्टची दमट हवा या कामाला उत्तम; तरी महाड-पोलादपूरचा पाऊस थेट अंगावर येऊ नये म्हणून वर आडोसा हवाच. बांधलेल्या प्रत्येक कलमाला मातृवृक्षाच्या नावाची चिठ्ठी अडकवा, आणि गिऱ्हाईक हापूस मागायला आले की त्याला पायरीही दाखवा.