बरणीतले गहू



गेल्या पंधरवड्यात तिघींनी मला एकच व्हिडिओ पाठवला. मोड आलेले गहू पाण्यात बुडवून ठेवायचे आणि दोन दिवसांनी ते पाणी गाळून प्यायचं. पोटाला उत्तम, 'प्रोबायोटिक', शिवाय दूधसुद्धा नाही, म्हणजे पूर्ण शाकाहारी. तिघींचा प्रश्नही एकच : आपल्याला चालतं का हो?

उत्तर देण्याआधी कबुली देते. हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे.

दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये मला टायफॉइड झाला. ताप गेला, अँटिबायोटिक संपली, पण पोट काही जागेवर येईना. काही खाल्लं की गुबारा. पुण्याहून लेकीने ही कृती पाठवली. या पेयाला रेजुवेलॅक म्हणतात. लिथुआनियात १९०९ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत बॉस्टनला स्थायिक झालेल्या अ‍ॅन विगमोर या बाईंनी ते लोकप्रिय केलं. गव्हांकुराच्या रसाचं वेडही त्यांनीच पसरवलं.

वाटीभर गहू रात्री भिजवले. सकाळी निथळून मलमलीत बांधले, दिवसातून दोन-तीनदा धुतले. दुसऱ्या दिवशी दाण्याला बारीक पांढरं शेपूट आलं. ते बरणीत घालून तिप्पट पाणी ओतलं, तोंडाला कापड बांधलं. सांगलीचा उन्हाळा, दोन दिवस कशाला लागतात! दीड दिवसात पाणी गढूळ झालं, वर बारीक बुडबुडे आले आणि लिंबासारखा आंबट वास सुटला. मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते, दाण्यावरचे जिवाणू ती साखर खातात आणि आम्ल तयार करतात. चव वाईट नव्हती. पातळ, आंबलेल्या ताकासारखी म्हणा.

सासूबाईंनी ओट्यावरची बरणी पाहिली. झाकणाचं कापड बाजूला करून वास घेतला आणि विचारलं, "किती दिवसांचं गं हे?"

"चार दिवसांचं, आई. गहू भिजवल्यापासून."

त्या पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी त्यांची पाण्याची कळशी आणि ताट-वाटी देवघराशेजारच्या खोलीत गेली. तीन दिवस त्यांनी आपला भात तिथेच शेगडीवर शिजवला. त्या व्रती आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. मला फार लागलं ते. मी आजारातून उठलेली, आणि यांना माझ्यापेक्षा बरणीची काळजी!

राग ओसरल्यावर शांतपणे विचार केला. माझं आजचं मत त्यातूनच आलं आहे.

शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर या पेयात एक नाही, दोन गोष्टी अडतात. कोंब फुटतो त्या अवस्थेत वनस्पती अनंतकाय मानली आहे. आणि ज्याची मूळ चव, वास पालटला ते चलितरस, म्हणजे बावीस अभक्ष्यांतलं एक. तेव्हा 'शाकाहारी आहे' या शब्दाने आपला प्रश्न सुटत नाही. कांदा-बटाटाही शाकाहारीच आहे की.

लेकीने फोनवर लगेच विचारलं, "मग दह्यात काय असतं गं आई? तेही जिवाणूच ना?" खरं आहे. तिला गप्प करण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तिला गप्प करायचंही नव्हतं. मला जे पटतं ते सांगितलं. आमच्या घरी तापवलेल्या दुधाला विरजण लागतं आणि आठ प्रहरांच्या आत दही संपतं. उरलं तर ते आमच्यासाठी दही राहत नाही. मर्यादा पाळली म्हणून हिंसा शून्य झाली, असं आपल्या कुठल्याही आजीने म्हटलं नाही. कुठे थांबायचं एवढंच मर्यादा सांगते. या बरणीत उलटं आहे. ते वाढावेत म्हणून मी दिवस मोजत होते, बुडबुडे आले की खूश होत होते. सासूबाईंनी 'काय आहे' विचारलंच नाही, 'किती दिवसांचं' विचारलं, ते उगाच नव्हे.

म्हणून मी हे पेय करत नाही.

पण मैत्रिणींनो, आता दुसरी बाजू. हे पेय करणाऱ्या एखाद्या सुनेला आपल्या बायका ज्या सुरात बोलतात, तो मला मुळीच पटत नाही. रात्रभर फुगलेलं इडलीचं पीठ आपल्यापैकी कितीजणींकडे असतं? मटकीला मोड आणून उसळ होते. कुरडयांचे गहू तीन-तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलताना नाकाला पदर लावावा लागतो, तेव्हा कोणाला चलितरस आठवतो? (माझ्याकडेही गेल्या वर्षापर्यंत कुरडया होत होत्या, लपवत नाही.) जी हे सगळं सोडून बसली आहे तिने बोलावं, आणि माझा अनुभव असा की तीच बोलत नाही.

आणखी एक. धर्माची गोष्ट धर्माचीच ठेवू या. 'याने कॅन्सर होतो' असले संदेश पुढे ढकलू नका. तसंच 'याने सगळे रोग जातात' हेही नको. मधुमेहींची इन्सुलिनची गरज कमी होते, अशा दाव्यावरून याच विगमोरबाईंवर १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी वकिलांनी खटला भरला होता. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर हे नक्की लक्षात ठेवा. खरा धोका साधा आहे : मोड ज्या उबेत आणि ओलाव्यात येतात, त्यातच रोगजंतूही वाढतात आणि हे पेय कधी उकळलं जात नाही. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या कच्च्या मोडांतून जी साथ आली तिच्यात ५० हून अधिक माणसं गेली. म्हातारी माणसं, गरोदर बाई, नुकतं आजारातून उठलेलं माणूस यांनी कच्चे मोड टाळावेत असं सांगतात. आणि व्हिडिओत हे पेय नेमकं कोणाला सुचवलंय? त्यांनाच!

माझं पोट कशाने सुधारलं, तेही विचाराल. डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या होत्याच. बरोबर नाचणीची आंबील. आंबवलेली नाही हं. नाचणीचं पीठ पाण्यात कालवून चांगलं शिजवायचं, कोमट झालं की त्यात त्याच दिवशी घुसळलेलं ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग. लसूण अर्थातच नाही. नाचणी डाळीतली नाही, म्हणून ताकाबरोबर द्विदळाचा प्रश्न येत नाही. करायची आणि लगेच प्यायची.

तर त्या बरणीचं काय झालं? चौथ्या दिवशी मी ती उचलून मोरीकडे निघाले. सासूबाई मागून आल्या.

"गटारात नको गं ओतू. मागे पेरूच्या झाडाखाली सावली आहे, तिथे ओत हळू."

ओतून आले तर त्या ओट्यापाशी ताक घुसळत होत्या. कळशी आपल्या जागेवर आली होती. पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत पी. आणि पोट कसं आहे आता?"