रात्रीच्या शेजाऱ्यांना न्याय हवा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात अरण्य असे फारसे उरलेले नाही. तंजावरच्या परिसरात एका गावाची शीव संपते तेथे दुसऱ्या गावाची भातशेती लागते. तरीही सूर्यास्तानंतर कालव्यांच्या काठी, बांबूच्या बेटांत आणि देवळांजवळच्या जुन्या वृक्षांवर वन्य प्राण्यांचा संसार सुरू होतो. मात्र जे डोळ्यांस दिसत नाही, त्याचा न्याय माणूस घाईने करतो. मोठे फळखाऊ वटवाघूळ अपशकुनी ठरते आणि उदमांजर चोर ठरते. ही दोन्ही मते तपासून पाहिली पाहिजेत.

या वटवाघळाच्या पंखांचा विस्तार सव्वा मीटरच्या आसपास असतो. किडे टिपणाऱ्या लहान वटवाघळांप्रमाणे ते प्रतिध्वनीवर विसंबत नाही. मोठे डोळे व तीक्ष्ण घ्राणेंद्रिय यांच्या साह्याने ते पिकलेले फळ शोधते. दिवसा सारा थवा एकाच झाडावर उलटा लटकतो. शरीराच्या भारानेच पायांच्या शिरा आवळल्या जात असल्यामुळे झोपेतही पकड सुटत नाही. उन्हाच्या काहिलीत ते पंखांनी वारा घेते. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. म्हणून उजाड झालेली वस्ती लवकर भरून येत नाही.

मोहाच्या दक्षिणी जातीला तामिळमध्ये ‘इलुप्पै’ म्हणतात. तिच्या बियांच्या तेलावर पूर्वी देवळांतील दिवे जळत. तिची मांसल फुले खाताना वटवाघूळ पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते आणि फळ दूर नेऊन तेथे बी टाकते. त्या दिव्यांत या ‘अपशकुनी’ प्राण्याच्या श्रमाचाही वाटा होता.

उदमांजराला तामिळ लोक ‘मरनाय’, म्हणजे झाडावरचे कुत्रे, म्हणतात. ते एकटे हिंडते व दिवसा ढोलीत किंवा माडाच्या शेंड्यात झोपते. फळांबरोबर गिळलेल्या बिया त्याच्या विष्ठेतून अखंड बाहेर पडून रुजतात. शिवाय ते उंदीरही खाते.

बागाईतदाराचे नुकसान खोटे नाही. पण त्यावर फळझाडांना जाळी लावणे हा उपाय आहे. केरळात २०१८ साली निपाह रोगाची साथ आली, तेव्हापासून वटवाघळांची भीतीही वाढली. उष्टे फळ खाऊ नये व या प्राण्यांना हात लावू नये, हे योग्यच. परंतु झाड तोडल्याने रोग जात नाही. थवा मात्र विखुरतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द केली. तामिळनाडूतील काही गावे तर वटवाघळे बिथरू नयेत म्हणून दिवाळीत फटाके उडवीत नाहीत. कायद्याच्या आधीच त्यांना हा विवेक सुचला होता.

२०१८ च्या नोव्हेंबरात ‘गज’ चक्रीवादळाने या प्रदेशातील असंख्य झाडे एका रात्रीत पाडली. नवे रोप लावता येते, पण ढोली असलेला शंभर वर्षांचा वृक्ष लावता येत नाही. म्हणून जे जुने वृक्ष उभे आहेत, त्यांवर कुऱ्हाड चालवू नये आणि प्रखर दिवेही टांगू नयेत. रात्रीच्या या शेजाऱ्यांचे माणसाकडे एवढेच मागणे आहे.