नवी नजर हवी असेल तर कॅमेरा कुणाच्या हातात आहे ते विचारा

दरवर्षी १९ ऑगस्ट आला की जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्ताने प्रदर्शने भरतात, स्पर्धा जाहीर होतात आणि विषय बहुतेक ठरलेला असतो : 'नवी दृष्टी', 'वेगळा कोन'. १८३९ साली याच तारखेला फ्रान्समध्ये दागेरचे तंत्र जगासाठी खुले झाले, म्हणून हा दिवस. वेगळेपणा शिकवण्याचे धडेही तेव्हापासून घोटून घोटून तयार झाले आहेत. जमिनीवर झोपून फोटो काढा, गच्चीवरून काढा, उन्हाच्या विरुद्ध काढा, डबक्यातले प्रतिबिंब टिपा, रंग काढून कृष्णधवल करा. आणि एवढे सगळे केल्यावर प्रदर्शनाच्या भिंतीवर काय दिसते? सुरकुतलेली आदिवासी म्हातारी, कचरा वेचणारे पोर, गटारात उतरलेला उघडा माणूस. खाली शीर्षक : 'आशा', 'जगणे', 'संघर्ष'. माणसाचे नाव नाही, गाव नाही, त्याला मजुरी किती मिळते हेही नाही. नाव फक्त छायाचित्रकाराचे असते.

कॅमेरा जमिनीवर टेकला, पण कॅमेऱ्यामागचा माणूस समाजात जिथे उभा होता तिथेच उभा राहिला. आमचे म्हणणे सरळ आहे. दृष्टी ठरते ती माणूस समाजव्यवस्थेच्या कुठल्या पायरीवरून पाहतो यावरून. भिंगाचा कोन हा त्यानंतरचा प्रश्न. जातीने माणसांना वस्त्या वाटून दिल्या, धंदे वाटून दिले, तशीच नजरही वाटून दिली. कुणी पाहायचे आणि कुणी पाहिले जायचे, हे या देशात कॅमेरा येण्यापूर्वीच ठरलेले होते. ज्याची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली, त्याने समोरच्याकडे डोळे वर करून पाहणे हाच गुन्हा होता. कॅमेरा आला तो या जुन्या व्यवस्थेतच येऊन बसला.

इतिहास पाहा. विल्यम जॉन्सन याने १८६०च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातली कित्येक चित्रे जोडकाम आहेत. माणसांचा फोटो एकीकडे घेतला, त्यांच्या आकृती कापल्या आणि दुसरीकडे घेतलेल्या देखाव्यावर चिकटवल्या. माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा, त्याच्याभोवती आपल्याला हवी ती पार्श्वभूमी लावायची आणि खाली जातीचे नाव लिहायचे. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे प्रचंड काम निघाले, साडेचारशेहून अधिक छायाचित्रांचे. १८५७च्या उठावानंतर सरकारला प्रजा ओळखून घ्यायची होती. कुठली जमात कशी दिसते, तिचा स्वभाव कसा, ती विश्वासू की उपद्रवी, असले शेरे चित्रांसोबत छापले गेले. ते शेरे लिहिणारे साहेब होते, आणि त्यांना 'स्वभाव' सांगणारे बहुतेक आपल्याकडचेच वरच्या जातींचे माहितगार.

साहेब गेला, पण त्याची पद्धत गेली नाही. आज शनिवार-रविवारी शहरातले हौशी छायाचित्रकार गटागटाने झोपडपट्टीत 'फोटोवॉक'ला जातात, तेव्हा दुसरे काय करतात? माणूस कापून आणायचा आणि आपल्या दिवाणखान्याच्या पार्श्वभूमीवर चिकटवायचा.

इथे हमखास विचारले जाते : मग दलितांचे फोटो फक्त दलितांनीच काढायचे का? असे आम्ही म्हणत नाही. कॅमेऱ्याला जात नसते, पण तो वापरणारा जातीच्या समाजातून येतो. त्याने एवढेच स्वतःला विचारावे की या माणसाचे नाव मला माहीत आहे का, हा फोटो त्याला दाखवणार आहे का, आणि हाच माणूस माझा काका असता तर त्याला याच अवस्थेत मी भिंतीवर टांगले असते का? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत त्याच्या जातीची चौकशी आम्ही करणार नाही.

कोन बदलला म्हणजे काय होते याचा दाखला अमेरिकेतून घ्या. गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय तरुणाने आपला पहिला कॅमेरा गहाणवटीच्या दुकानातून विकत घेतला होता. १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरीत सफाईचे काम करणाऱ्या एला वॉटसन या बाईंशी तो आधी बोलला, त्यांच्या आयुष्याची हकिकत ऐकली, आणि मग अमेरिकेच्या झेंड्यापुढे एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा दांडा अशा त्यांना उभे केले. त्या थेट कॅमेऱ्यात पाहतात. फोटोत दया मागणारे काहीच नाही. तो देशाला जाब विचारतो. पार्क्स तिथे थांबला नाही. त्यांच्या घरी गेला, त्यांच्या चर्चमध्ये गेला, नातवंडांसोबत त्यांचे फोटो काढले. झाडू हातात नसतानाही हा माणूस कोण आहे, हे त्याला दाखवायचे होते.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे काम केले ते याच जातकुळीचे आहे. वर्षानुवर्षे ते त्या कामगारांसोबत राहिले. मुंबईची घाण सगळ्यांना दिसत होती, ती उचलणारे हात मात्र कुणाला दिसत नव्हते. त्या हातांना जात आहे, हे त्या चित्रांनी बोलून दाखवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळनाडूत मच्छीमार कुटुंबातून आलेले एम. पलनी कुमार यांनी २०१७च्या 'कक्कूस' या माहितीपटाचे छायाचित्रण केले. गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांच्या घरी ते जातात, मागे राहिलेल्या बायको-मुलांचे फोटो काढतात. मासे विकणाऱ्या स्वतःच्या आईवरही त्यांनी चित्रमालिका केली, आणि कष्टकरी वस्तीतल्या मुलांना ते कॅमेरा शिकवतात. मदुराईजवळच्या वाडीपट्टीचे जयसिंग नागेश्वरन यांनी टाळेबंदीत आपल्याच घराकडे कॅमेरा वळवला. अत्याचाराची बातमी नसतानाही दलित घरात जगणे असते, हसणे असते, दुपारची झोप असते, हे त्या चित्रांत दिसते. प्रस्थापित छायाचित्रणाला ही दुपारची झोप कधी दिसली नाही, कारण त्याला आमच्या घरात यायचे कारणच आमचे मरण हे होते.

फोटो हा पुरावाही असतो. हाताने मैला उचलण्याची प्रथा आमच्या राज्यात नाहीच, असे सरकारे न्यायालयात सांगत होती, तेव्हा सफाई कर्मचारी आंदोलनाने गावोगावचे सर्वेक्षण आणि छायाचित्रे पुढे ठेवली. २००३ साली दाखल झालेल्या त्या याचिकेचा निकाल २७ मार्च २०१४ रोजी लागला आणि गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम तीस लाखांवर नेली. त्या फोटोंना कुठल्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले नसते. प्रकाश वाईट, चौकट वाकडी. पण सरकारचे खोटे उघडे पाडण्याची ताकद त्यांच्यात होती.

आता आपल्याच चळवळीला बोचेल असा मुद्दा. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. त्याचे चित्रण मारणाऱ्यांनीच केले आणि मिरवायला म्हणून त्यांनीच पसरवले. ती चौकट त्यांची होती. पुढे त्याच महिन्यात सुरेंद्रनगरला जिल्हाधिकारी कचेरीपुढे मेलेली जनावरे आणून टाकली गेली, 'तुमची गाय, तुम्हीच उचला' असा पवित्रा घेतला गेला, आणि त्याचे फोटो देशभर पोचले. ती चौकट आमची होती. दोन्ही चित्रे एकाच घटनेची आहेत, पण पहिल्यात आमचा माणूस मार खातो आणि दुसऱ्यात व्यवस्था नाक दाबते. मग आपल्या मोबाइलवर आजही पहिलेच चित्र जास्त का फिरते?

अत्याचार झाला की काही तासांत प्रेतांचे फोटो गटागटांत येऊ लागतात. पुढे पाठवणाऱ्याचा राग खरा असतो, हेतू चांगला असतो. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडानंतर मोठी माध्यमे गप्प होती, आणि भोतमांगे कुटुंबाच्या मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली तेव्हाच समाज पेटून रस्त्यावर आला, हे आम्ही नाकारत नाही. पण परवानगीचा प्रश्न तेव्हाही होता आणि आज तो जास्त टोकदार आहे. १९५५ साली अमेरिकेत १४ वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाला क्रूरपणे मारले गेले. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, ही तिची इच्छा होती. त्या फोटोने नागरी हक्कांच्या चळवळीला धार आली. पण निर्णय आईचा होता. आपल्याकडे आईला विचारतो कोण? पोलीस पाटलाच्या, रुग्णालयातल्या कुणाच्या मोबाइलमधून फोटो सुटतो आणि आईच्या हातात पोचण्याआधी दहा जिल्ह्यांत पोचतो. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि ती हयात नसली तरी तिची प्रतिष्ठा संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. मनुवादी व्यवस्थेने आमच्या बायकांची देहं उघडी पाडली. तेच चित्र पुन्हा पुन्हा पाठवून आपण कुणाचे काम करतो, याचा विचार झाला पाहिजे.

बाबासाहेबांना चित्राची ताकद पुरती कळली होती, असे त्यांचे फोटो पाहताना वाटल्यावाचून राहत नाही. ज्या समाजाला धड कपडे घालायची, चांगले भांडे वापरायची मुभा नव्हती, त्या समाजाचा माणूस कोट-टाय घालून, पुस्तकांच्या शेजारी, सरळ कॅमेऱ्यात पाहतो. राजगृहातल्या कुटुंबाच्या फोटोत रमाई आहेत, यशवंतराव आहेत, पायाशी कुत्राही आहे. एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाचे घरपण ठामपणे मांडणारा तो दस्तऐवज आहे. गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसनेही हेच केले. एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेला अमेरिकन माणूस तोच. आणि तो फोटोत हसत नसे, कारण हसरा, समाधानी गुलाम हे मालकांचे आवडते चित्र होते. आमच्या घराघरांतल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो म्हणजे आमचे पहिले छायाचित्र-प्रदर्शन आहे. त्याला कुठल्या कलादालनाची गरज पडली नाही.

७ डिसेंबर १९५६ च्या अंत्ययात्रेचे चलच्चित्रण आज आपल्याकडे आहे ते नामदेव व्हटकर यांच्यामुळे. त्यांनी वाट पाहिली नाही की कुणीतरी येईल आणि आमचा इतिहास टिपेल. हीच खरी नवी नजर.

मग करायचे काय? पहिले, घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडा. नागपूरच्या धम्मदीक्षेचे, पँथरच्या मोर्च्यांचे, नामांतराच्या लढ्याचे किती फोटो ओल लागून चिकटून चालले आहेत! ते स्कॅन करा. मागे कोण, कुठे, कधी हे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. ज्या म्हाताऱ्या माणसांना चेहरे ओळखता येतात ती आज आहेत, उद्या नसतील. दुसरे, बायकांची नावे लिहा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिताना गावोगाव हिंडून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले. समूहचित्रात पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्यांची नावे असतात आणि मागे उभ्या बायका 'महिला कार्यकर्त्या' एवढ्यावरच संपतात. आजच्या फ्लेक्सवर तर त्याही नसतात. भाऊ, दादा, साहेब यांचेच चेहरे.

तिसरे, तंत्र शिका आणि शिकवा, विशेषतः मुलींना. रंगीत फिल्मचा ताळमेळ बराच काळ गोऱ्या कातडीवर बेतला जात होता, आणि आपला स्टुडिओवाला आजही न विचारता चेहरा उजळ करून देतो. पांढऱ्या भिंतीपुढे सावळ्या माणसाचा चेहरा काळपट येतो याचे कारण कॅमेरा भिंतीचा उजेड मोजतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा, उजेड थोडा वाढवा, माणूस दिसेल. गोरा करायची गरज नाही. चौथे, फोटो काढण्याआधी विचारा, काढल्यावर दाखवा आणि जमेल तेव्हा छापील प्रत हातात नेऊन द्या.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माध्यमे गर्दी आणि रांगा टिपून जातात. पुस्तकांच्या दुकानांपुढे वाकून शेवटच्या नोटा मोजणारी, पोरासाठी राज्यघटना विकत घेणारी शेतमजूर बाई त्यांना दिसत नाही. ती आम्हाला दिसते, कारण ती आमची आई आहे, मावशी आहे. यंदा तिचा फोटो आम्हीच काढायचा आहे. तिला विचारून, तिच्या नावासह.

जयभीम!