अपडेटची किल्ली कोणाच्या हातात?

पूर्वी एका नोंदीसाठी शेतकऱ्याला तलाठ्याच्या दारात उभे करायचे. आता हातात फोन देऊन बांधावर उभे करतात. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. २०२२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. २०२४ च्या रब्बीत हुकूम निघाला, जुने ॲप काढा, डीसीएसचे नवे टाका. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, पण सीसीआयच्या केंद्रावर गाडी लावायच्या आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची. फोनमध्ये जागा नसेल त्याने नातवंडांचे फोटो पुसायचे आणि सरकारला जागा करून द्यायची!

या जाचाला कंटाळून पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या बैठकांत आमचेच कार्यकर्ते सांगू लागले आहेत, "अपडेट बंदच करून टाका. कटकटही नको आणि आपली माहितीही कोणी नेणार नाही." आमचे या सल्ल्याशी भांडण आहे. राग खरा आहे, औषध चुकीचे आहे.

फोन ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात भोके सापडत राहतात. चोरालाही सापडतात, कंपनीलाही सापडतात. कंपनी ठिगळ तयार करून पाठवते, ते सुरक्षा अपडेट. ते न घेतलेला फोन म्हणजे २०१७ सालचे आपले कपाशीचे शेत. २००२ मध्ये बीटी आले, २००६ मध्ये बीजी-२ आले. अळी शिकत राहिली, बियाणे मात्र तिथेच थांबले. त्यापुढचे वाण कायदेशीर वाटेने आपल्या हाती आलेच नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा पाकिटावरचे नाव तेच होते, आतले संरक्षण संपले होते. आपल्या खिशातल्या फोनांची हीच गत आहे. वरून धडधाकट, हप्तेही फिटलेले, पण दोन-तीन वर्षांत कंपनीने ठिगळे पाठवणे सोडलेले.

युरोपात असे चालत नाही. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नियम आहे की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट दिले पाहिजे. त्याच कंपन्या आपल्याकडे फोन विकतात, आणि इथे असे बंधन नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि मुदत छापावी लागते, खताच्या गोणीवर नत्र-स्फुरद-पालाश छापावे लागते. फोनच्या खोक्यावर अपडेटची मुदत छापायला काय धाड भरली आहे?

आता सरकारकडे वळू. दूरसंचार खात्याने २८ नोव्हेंबर २०२५ ला कंपन्यांना फर्मावले की नव्या फोनात ‘संचार साथी’ ॲप आधीच भरून द्या, आणि जे फोन तयार होऊन बाजारात गेले त्यांच्यात अपडेटमधून ढकला. देशभर ओरड झाली, ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप वाईट नाही. हरवलेला फोन बंद करायला उपयोगी पडते. आमचा आक्षेप वाटेवर आहे. ज्या दारातून गवंडी भिंत बुजवायला येतो, त्याच दारातून सरकार आपला माणूस आत बसवू पाहत होते. असे प्रकार झाले की लोक गवंड्यालाही दार उघडत नाहीत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितले. २०२३ च्या डेटा कायद्यात मात्र अनुदान-सवलतींच्या नावाने सरकारला संमतीतून भलीमोठी पळवाट ठेवली आहे.

दार मालकाच्या हाती ठेवून ठिगळ घेता येते का? येते. ‘ग्राफीनओएस’ नावाची प्रणाली आहे. तिचे अपडेट फोनमधल्या दुसऱ्या, रिकाम्या खणात चढते. नवे सुरू झाले नाही तर फोन आपोआप जुन्यावर परततो. सही तपासल्याशिवाय काही आत येत नाही. एखाद्या ॲपला इंटरनेटच द्यायचे नाही, असेही मालक ठरवू शकतो. अडचण अशी की ती गुगलच्या पिक्सेल फोनवरच चालते, काही बँकांची ॲप तिच्यावर अडतात, आणि नव्या पिक्सेलला हमीभावाने पाच-सहा क्विंटल कापूस घालावा लागेल. कोरडवाहूत एकराला तेवढा पिकला तर आपली दिवाळी! म्हणून तो फोन घ्या असे आम्ही म्हणत नाही. त्यात जे जमते ते दहा हजारांच्या फोनात का नको, एवढेच विचारतो.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. फोनचे सुरक्षा अपडेट आले की निम्म्यावर चार्ज असताना घ्यावे, मध्ये बंद करू नये. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाने येणारी एपीके फाईल उघडू नये. खाती त्यानेच रिकामी होतात. ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच द्यावी, पाहणीचा फोटो झाला की काढून घ्यावी.

जिल्हा बैठकीत आम्ही तीन मागण्या मांडणार आहोत. खोक्यावर अपडेटची मुदत छापा. मालकाला विचारल्याशिवाय अपडेटमधून कोणतेही ॲप घालू नका. पीक पाहणी आणि कापूस खरेदीची नोंद कागदावरही घ्या. बैठकीला येताना फोन सोबत आणा. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ उघडले की शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. जेवणाच्या सुट्टीत फोनचे मॉडेल आणि ती तारीख वहीत उतरवून घेऊ, नाव-गाव नको, आणि ती यादी निवेदनासोबत जिल्हाधिकाऱ्यांना देऊ.