थोडें, पण जड

आमच्या विद्यार्थ्यांस जोर-बैठकांची संख्या हेंच बळाचें माप वाटतें. मजला तें पटत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत डॉ. थॉमस डीलॉर्म हे जखमी सैनिकांकडून जड वजन ७० ते १०० वेळां उचलवीत असत. सन १९४८ मध्यें त्यांनींच वॉटकिन्स यांच्यासह हा आंकडा २० ते ३० वर आणिला. तेवढ्यानेंच गुण अधिक येई. चाळिशीनंतर मींही रोजचा दीर्घ व्यायाम सोडून बारबेल धरिला: आठवड्यांत तीन दिवस, पांच-पांच वेळांच्या तीन पाळ्या. खरें सांगावयाचें तर, आरंभीं लौकर घरीं परततांना लाजच वाटे! पण दांड्यावरील वजन महिन्यागणिक वाढत आहे. पालकहो, मुलगा तालमींतून लौकर परतला, तर त्यास आळशी म्हणूं नका; वजन किती चढविलें आणि पाठ सरळ राहिली का, एवढेंच विचारा.