त्रेपन्न की पस्तीस?

गेल्या वर्षीच्या एका शनिवारची गोष्ट. हातात चहा, समोर सात वर्षांची लेक आणि तिची वही. मी म्हटलं, "लिही, त्रेपन्न." तिने लिहिलं ३५. "नीट ऐक, त्रे-पन्न." तिने खोडलं आणि पुन्हा ३५ लिहिलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "मला गणित येतच नाही."

सात वर्षांच्या पोरीच्या तोंडी "येतच नाही" हे वाक्य कुठून आलं? मी शोधायला लागलो, तर उत्तर घरातच सापडलं. ते माझ्याकडूनच आलं होतं.

थोडं मागे जातो. २०२१ मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत आम्ही पुण्याहून साक्रीला, माझ्या गावी आलो. माझं काम लॅपटॉपवर, शाळा बंद, म्हणून पोरीला घरीच शिकवायला लागलो. पुढे शाळा उघडल्या, पण आमचं बरं चाललं होतं, म्हणून पाचवीपर्यंत घरीच आणि मग शाळा असं ठरवलं. भाषेचं कोडं सुटलं, परिसराचं तर कान नदीच्या काठावर आपोआप सुटलं. गणितापाशी मात्र मी माझ्यातल्या इंजिनियरला मोकळं सोडलं. इथेच चुकलो.

एक्सेल शीट उघडली. रकाने पाडले. अमेरिकेतलं सॅक्सन : रोज थोडं नवं, बरंचसं जुनं पुन्हा पुन्हा. सिंगापूरचं : आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे. एनसीईआरटीचं : २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर आलेलं 'मॅथ मॅजिक' आणि त्याच्या जागी आलेलं 'मॅथ मेला'. शिवाय आपली बालभारती. प्रत्येकाला गुण दिले, वजनं दिली. बालभारती शेवटून पहिली आली. फुकट पीडीएफ मिळतं, गावात सगळ्यांकडे असतं, मग त्यात विशेष ते काय असणार? (हा रकाना शीटमध्ये नव्हता, माझ्या डोक्यात होता.)

मग दीड वर्षात तीन अभ्यासक्रम झाले. एकात मन रमेना म्हणून दुसरा, दुसऱ्यात पुढचं आधी आणि मागचं नंतर म्हणून तिसरा. आपण प्रोजेक्टच्या मध्यावर फ्रेमवर्क बदलतो तसं. फरक इतकाच की प्रोजेक्टमध्ये मायग्रेशनचा त्रास आपल्याला होतो, इथे तो सगळा पोरीच्या वाट्याला आला. अमेरिकन पुस्तकात निकेल आणि डाइम मोजायची, इंचात पट्टी लावायची, संख्या इंग्रजीतून म्हणायच्या. स्वयंपाकघरात आजी मात्र "अडीच वाट्या पीठ घे" म्हणणार. एका डोक्यात दोन गणितं, आणि दोघांची ओळख करून द्यायला कुणी नाही.

आता त्या ३५ कडे येतो, कारण ती चूक वेंधळेपणाची नव्हती. त्रेपन्नमध्ये 'तीन' आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. तिने जे ऐकलं ते त्याच क्रमाने लिहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर मराठी संख्या बोलताना लिटल एंडियन आहेत आणि लिहिताना बिग एंडियन. त्यात पन्नास कुठे 'पन्न' होतो, कुठे 'वन्न'. आणि एकोणसाठ? तिथे साठ ऐकू येतात पण लिहायचे पाच आणि नऊ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत, आणि नव्याण्णव पुन्हा वेगळ्याच चालीचा.

२०१९ च्या जूनमधला गदारोळ आठवतो? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. विधानसभेत थट्टा झाली, वर्तमानपत्रांत भाषा बुडाल्याचे अग्रलेख आले. मीही आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन-तीन विनोद हौसेने पुढे ढकलले होते. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, मुलांना संख्या समजायला सोपी जावी म्हणून दुसरी वाट दिली आहे. कन्नड आणि तेलुगूत दशक आधीच बोलतात. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने संख्यांचा बोलण्याचा क्रम फिरवला, आणि जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं जुन्या पद्धतीनेच बोलत राहिली. भाषा काही बुडाली नाही.

ज्या विनोदाला मी हसलो होतो, तोच माझ्या घरात वहीवर येऊन बसला होता.

सोडवलं ते माझ्या वडिलांनी. आप्पा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "इतलं सोपं शे ते, पोरले काबर रडावस तू?" तुरीच्या काड्या आणल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाच जुड्या, तीन सुट्या. "बोलताना आधी सुट्या, मग जुड्या. लिहिताना आधी जुड्या. आता सांग." दहा मिनिटांत पोरगी त्यांनाच एकोणसाठ विचारत होती. सिंगापूरच्या पुस्तकात 'आधी वस्तू' असं छापलेलं होतंच. मी ते वाचलं होतं, केलं नव्हतं.

आप्पांकडे अजून एक खजिना आहे. त्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते तोवर व्यवहाराला ते लागत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि या पाढ्यांची गरज सरली. ते परत आणा असं मी म्हणत नाही. औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा) घोकून आज कुणाचं भलं होणार नाही. पण सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द अजून जिवंत आहेत. मराठी घरातलं पोर चौथ्या वर्षी "पावणेपाच वाजले" ऐकतं. म्हणजे पाचाला पाव कमी! हा अपूर्णांकाचा पहिला धडा घरात फुकट मिळत असताना मी तिला पुस्तकातला परदेशी पिझ्झा कापायला लावत होतो.

तर मंडळी, माझं मत असं. प्राथमिक गणिताचा अभ्यासक्रम निवडताना 'जगात सर्वोत्तम कोणता' हा प्रश्नच चुकीचा. घरात ज्या शब्दांत मोजतात, त्या शब्दांशी जोडता येईल असा एक घ्या, आणि निदान दोन वर्षं बदलू नका. क्रम आमच्याकडे आता बालभारतीचा. पुढे शाळेत जायचंय, तेव्हा तोच बरा. सिंगापूरकडून एकच गोष्ट उसनी घेतली, पट्ट्यांची चित्रं. "मामाकडे १२ गोण्या, आपल्याकडे ५ कमी, मिळून किती?" याला एक लांब पट्टी, एक आखूड पट्टी काढली की १९ दिसतात. आणि कसोटीही एकच : ५३ वजा १८ चं उत्तर आलं की नाही हे नंतर, आधी त्यावर एक गोष्ट रचून सांग. गोष्ट सांगता आली तर समजलं. नाही आली, तर काड्या काढायच्या.

एक गोष्ट मनाला लागून आहे. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर मुलं घरी भिल्ली किंवा कोकणी बोलतात, आणि शाळेतली मराठी नावं त्यांना माझ्या लेकीपेक्षा परकी. त्यांच्याकडे ना एक्सेल शीट, ना घरी बसलेला बाप. 'वीस एक'वर हसताना आपण कुणावर हसत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

असो. परवा कांद्याची वेळ होती. आप्पांनी तिला विचारलं, "सव्वा क्विंटल, भाव बाराशे. किती?" ती थांबली. "बाराशेचे अर्धे सहाशे, त्याचे अर्धे तीनशे... पंधराशे." मी तोंड उघडणार होतो, आप्पांनी हातानेच गप्प बसवलं.

"येतच नाही" मात्र अजून पूर्ण गेलेलं नाही. अवघड काही समोर आलं की ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते. ते जायला किती दिवस लागतील, याचा रकाना कुठल्याच शीटमध्ये नाही.