पुराच्या आधीची वही



8 ऑगस्ट 2019ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं बसली होती. बुडालेल्यांत बहुतेक बाया आणि मुलं.

ज्याच्याकडे गाडी, खोली, होडी आहे त्यानं ती मोबाइलवरून गरजूला द्यावी, असा विचार आता मांडला जातो. तो मला पटतो. 2012च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या घरमालकांनी एअरबीएनबीवरून खोल्या फुकट दिल्या. 2018ला केरळच्या मच्छीमारांनी होड्या लॉरीत घालून पुरात नेल्या. (तिथं कुठलं आलंय अ‍ॅप!)

पण गटात हे बोलले, तर एकजण म्हणाली, "फोन नवऱ्याच्या खिशात. आणि वयात आलेली पोर घेऊन अनोळखी घरात मी कुणाच्या भरवशावर झोपू?"

खरं आहे. म्हणून यादी आपल्याच हातात हवी. उसनवारी आपल्याला नवी नाही. बचत गटाच्या वहीत मे महिन्यातच लिहा: उंचावर घर कुणाचं, तिथं संडास आहे का, टेम्पो कुणाचा, चालवणारा पितो का. दिवस भरत आलेली कोण, एकटी म्हातारी कोण. बोटीत किती जणं, तो आकडा बोटीवरच रंगवून घ्या.

यादी ग्रामपंचायतीला द्या, पण बोटी, जाकिटं, डिझेल सरकारकडूनच मागा. शेजारधर्माचं कौतुक करून त्यांना सुटू देऊ नका.

आमच्या वहीत जनावरांचं पान अजून कोरं आहे. गोठा सोडून निघायला बायाच तयार नाहीत.